पाण्यातील मिळकत

केसरियाजींचे दर्शन आटोपून राणकपूरच्या वाटेला लागलेली महाराष्ट्रातील यात्रेकरूंची बस उदयपूरला एक मुक्काम बहुधा करतेच. दुपारी राजवाडा पाहून झाला की मंडळी पिछोला सरोवराच्या घाटावर येतात. समोर ऐन पाण्यात एक पांढरीशुभ्र वास्तू उभी दिसते. तिला तट नाही, पुढे अंगण नाही. भिंती जणू थेट पाण्यातूनच वर आलेल्या. पावापुरीचे जलमंदिर ज्यांनी पाहिले आहे, अशा एखाद्या वयस्कर श्राविकेचे हात आपोआप जोडले जातात. मग नावाडी सांगतो की ते मंदिर नव्हे, हॉटेल आहे. नाव त्या वास्तूला वळसा घालून परत येते. तिच्या पायऱ्यांवर उतरता येत नाही, कारण तेथे पाहुण्यांखेरीज इतरांस सहसा प्रवेश नसतो.

श्राविकेचा हा गैरसमज अगदीच निराधार नाही. पाण्यात उभी असलेली वास्तू टिकवणे हे एक व्रतच असते. जगनिवास नावाच्या या महालाने पावणेतीनशे वर्षांत वैभव पाहिले, उपेक्षा पाहिली, डासांचे थवे पाहिले आणि अखेर जगभरातील धनिकांचा पाहुणचारही पाहिला. वास्तूच्या सौंदर्याची वर्णने पुष्कळ झाली आहेत. तिच्या जमाखर्चाची कहाणी मात्र क्वचितच सांगितली जाते. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांची एखादी हवेली कुलपाआड उभी आहे, त्यांनी ती अवश्य ऐकावी.

उदयपूर आणि जैन समाज यांचे नाते यात्रेपुरते नाही. संकटकाळी महाराणा प्रतापांच्या चरणी आपले धन ठेवणाऱ्या भामाशाहांचे नाव प्रत्येक व्यापारी घरात आदराने घेतले जाते. शहराला लागून असलेले आयड म्हणजेच प्राचीन आघाटपूर. विक्रम संवत १२८५ मध्ये, म्हणजे इसवी सन १२२८ च्या सुमारास, आचार्य जगच्चंद्रसूरींची उग्र तपश्चर्या पाहून मेवाडचे राजे जैत्रसिंह यांनी त्यांना 'तपा' हे बिरुद दिले आणि त्यावरून तपागच्छ हे नाव रूढ झाले, असे परंपरा सांगते. पिछोल्याचे पावसाळ्यातील जादा पाणी याच आयड नदीला मिळते. तेथून बेडच, बनास आणि चंबळ या नद्यांच्या वाटेने ते यमुनेला जाते.

पिछोला हे निसर्गनिर्मित सरोवर नव्हे. महाराणा लाखा यांच्या काळात एका बंजाऱ्याने बांध घालून ते निर्माण केले, अशी कथा आहे. जवळच्या पिछोली गावावरून त्याला नाव मिळाले. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून तांड्यासह देशोदेशी फिरणारा तो व्यापारी होता. बैलांना ओढा ओलांडता यावा, म्हणून त्याने घातलेल्या बांधामागे पाणी साचले. पुढे महाराणा उदयसिंह यांनी १५५९ च्या सुमारास या काठावर नवी राजधानी वसवली आणि सरोवराचा विस्तार केला. एका फिरत्या व्यापाऱ्याच्या गरजेतून झालेल्या जलाशयाने एका राजधानीला जागा दिली.

या सरोवरात दोन महाल आहेत. दक्षिणेकडील जगमंदिर हा आधीचा. शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा बादशहा शाहजहान, वडिलांविरुद्ध बंड करून निघाला असता त्याला मेवाडने आश्रय दिला तो येथे. १८५७ च्या धामधुमीत नीमचहून जीव वाचवून आलेल्या युरोपीय स्त्रिया-मुलांना महाराणा स्वरूपसिंह यांनी ठेवले तेही येथेच. दुसरा महाल म्हणजे जगनिवास. त्याच्या जन्माची कथा मोठी मानवी आहे. युवराज जगतसिंह यांना चांदण्या रात्री मित्रमंडळींसह जगमंदिरात मौज करावयाची होती. वडील महाराणा संग्रामसिंह यांनी परवानगी नाकारली आणि एवढीच हौस असेल तर स्वतःचा महाल बांधून घ्यावा, असे सुनावले. पुत्राने ते शब्द मनात ठेवले. गादीवर आल्यावर १७४३ च्या एप्रिलमध्ये त्यांनी पाण्यातील सुमारे ४ एकरांच्या खडकाळ बेटावर पायाभरणी केली आणि १७४६ च्या फेब्रुवारीत वास्तुप्रवेश झाला.

महाल देखणा झाला यात शंका नाही. महाराणांचे घराणे सूर्यवंशी, म्हणून उगवत्या सूर्याला वंदन करता यावे यासाठी वास्तूचे मुख पूर्वेकडे ठेवले. बडा महाल, खुश महाल, फूल महाल अशी दालने उभी राहिली. कारंजी, कमळांची कुंडे, काळ्या-पांढऱ्या संगमरवराची फरशी, रंगीत काचांचे जडावकाम यांनी ती नटली. वरच्या एका दालनाचा आकार पूर्ण वर्तुळाचा असून त्याचा व्यास सुमारे २१ फूट आहे.

परंतु ज्या काळात हे घडत होते, तो काळ मेवाडच्या खजिन्यासाठी चांगला नव्हता. मराठ्यांची सत्ता उत्तरेकडे वेगाने पसरत होती. पेशवे बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ मध्ये उत्तरेच्या तीर्थयात्रेस निघाल्या, तेव्हा उदयपूर दरबाराने त्यांचा मोठा सन्मान केला. पुढच्याच वर्षी स्वतः बाजीराव उदयपूरला आले आणि मेवाडने वार्षिक खंडणी मान्य केली. जगनिवासाची पायाभरणी झाली त्याच वर्षी जयपूरचे सवाई जयसिंह वारले. त्यांच्या गादीवर आपला आतेभाऊ माधोसिंह बसावा, यासाठी महाराणा जगतसिंह भाऊबंदकीच्या लढायांत उतरले आणि पैसा मोजून मल्हारराव होळकरांच्या फौजेची मदत घेऊ लागले. एका हाताने खंडणी आणि फौजेचा खर्च, दुसऱ्या हाताने संगमरवर आणि कारंजी. हिशेबाच्या वहीत ही दोन्ही पाने समोरासमोर ठेवली की जगनिवासाच्या जन्मातील उणीव दिसते. महाल हौसेने बांधला गेला. त्याच्या निगेसाठी कायमचे उत्पन्न कोठून यावे याचा विचार हौसेत बसत नाही.

त्या उणिवेची किंमत पुढील पिढ्यांनी मोजली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मेवाड खंडण्या, लुटालूट आणि सरदारांचे कलह यांनी जर्जर झाले. १८१८ मध्ये इंग्रजांशी तह झाल्यावर शांतता आली, पण जुना खजिना परत आला नाही. राजघराण्याचे वास्तव्य काठावरच्या मोठ्या राजवाड्यात. पाण्यातील महाल उन्हाळ्यात चार दिवस विसाव्यासाठी आणि सणासमारंभासाठी. चुन्याच्या भिंतीला सतत ओल मिळाली की गिलावा सुटतो, लाकूड फुगते, रंगकाम पापुद्र्यांनी गळते. राहत्या घरात अशी पडझड लगेच डोळ्यांना खुपते. बंद घरात ती कोणी पाहतच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हा महाल सरोवराच्या दमट हवेत हळूहळू कुजत चालला आहे, अशी नोंद पियेर लोती या फ्रेंच लेखकाने करून ठेवली. महाराणा भूपालसिंह यांच्या कारकिर्दीत चंद्रप्रकाश नावाचे एक दालन वाढवले गेले, परंतु मूळ वास्तूची घसरण थांबली नाही. गेल्या शतकाच्या मध्याला तेथे गेलेल्या पाहुण्याला निर्मनुष्य दालने आणि डासांची गुणगुण एवढेच आढळे.

येथे थोडे थांबून उदयपूरपासून फार दूर नसलेल्या दुसऱ्या एका सरोवराकडे पाहावे. महाराणा राजसिंह यांनी सतराव्या शतकात राजसमंद बांधले, आणि त्यांचे जैन मंत्री दयालशाह यांनी त्याच्या काठच्या टेकडीवर ऋषभदेवांचे मंदिर उभारले. ते जगनिवासाहून जुने. त्याच्या वाट्यालाही युद्धे आली, दुष्काळ आले. तरी ते नांदते आहे, कारण मंदिरात पहाटे दार उघडावेच लागते, गाभारा झाडावाच लागतो, प्रक्षाळ करावीच लागते. गळके छप्पर पुजाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. साधूंच्या आचारात जिला 'जयणा' म्हणतात, ती सावध काळजी वास्तूलाही लागू पडते. मंदिराला ती नित्यनेमाने मिळाली. महालाला ती केवळ हौसेच्या दिवसांत मिळाली.

१९४७ नंतर काळाने कूस बदलली. १९४८ मध्ये मेवाड राजस्थानात विलीन झाले. महाराणा भूपालसिंह यांच्या निधनानंतर १९५५ मध्ये भगवतसिंह गादीवर आले, तेव्हा त्यांच्या वाट्याला राज्य नव्हते. होते ते राज्याचे देणे. महाल, बागा, बेटे, हत्ती, आणि जुन्या दरबाराच्या आश्रयाने म्हातारी झालेली, इतरत्र जाण्यास राजी नसलेली माणसे. महसूल सरकारकडे गेला आणि खर्च घरी राहिला. मत्तेच्या बाजूला आकडा मोठा, पण त्यातून दमडी येत नाही आणि दरवर्षी डागडुजी मागते. असा ताळेबंद कोणत्याही व्यापाऱ्याची झोप उडवील.

भगवतसिंहांपुढे तीन वाटा होत्या. विकून मोकळे व्हावे, कुलूप लावून पडू द्यावे, किंवा वास्तूलाच कमावते करावे. जयपूरच्या महाराजांनी १९५७ मध्ये रामबाग महालाचे हॉटेल केले होते. भगवतसिंहांनीही तिसरी वाट धरली. राजवाड्यात परक्यांनी भाडे देऊन राहावे, हे त्या काळी अनेकांना रुचणे कठीण होते. ज्या घराण्याने मोगलांपुढे मान तुकवली नाही असा लौकिक, त्या घराण्याच्या महालात खोल्यांचे दर लावायचे! परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी होती. स्वाभिमानाने गच्चीची गळती थांबत नाही.

या कामासाठी त्यांनी निवडलेली व्यक्तीही अनपेक्षित होती. दीदी कॉन्ट्रॅक्टर या अमेरिकेत जन्मलेल्या कलावती एका गुजराती अभियंत्याशी विवाह करून भारतात आल्या, नाशिकला एकत्र कुटुंबात सून म्हणून राहिल्या आणि नंतर मुंबईत जुहूला स्थायिक झाल्या. वास्तुशास्त्राची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. १९६१ ते १९६९ अशी आठ वर्षे त्यांनी जगनिवासाच्या सजावटीचे काम पाहिले. महाराणांच्या हाती पैसा बेताचाच होता आणि इमारती ढासळू लागल्या होत्या. हॉटेल करणे हाच ती वास्तू राखण्याचा व्यवहार्य मार्ग दिसत होता, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. आपण केले ते मुळात जतनाचे काम होते, अशी त्यांची भावना होती. एकत्र कुटुंबात संसार केलेल्या स्त्रीला जुन्या वस्तूतून नवे कसे उभे करावे हे शिकवावे लागत नाही. पुढे त्याच दीदींनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात माती, बांबू आणि पाटीच्या दगडाची घरे बांधून मोठे नाव मिळवले.

१९६३ मध्ये हॉटेल सुरू झाले. १९७१ मध्ये व्यवस्थापन ताज समूहाकडे गेले आणि खोल्यांची संख्या वाढवण्यात आली. त्याच वर्षी घटनादुरुस्ती होऊन संस्थानिकांचे तनखे बंद झाले. ज्यांनी तोवर आपल्या वास्तूंची सोय लावली नव्हती, त्यांचे पुष्कळ वाडे त्यानंतर कवडीमोल झाले किंवा पडीक राहिले. भगवतसिंहांचा निर्णय आठ वर्षे आधीचा होता. व्यापारात ज्याला दूरदृष्टी म्हणतात ती बहुतेक वेळा एवढीच असते: जे पुढे करावेच लागणार, ते हातात थोडी सवड असताना करणे. १९८३ मध्ये एका जेम्स बाँड चित्रपटातून ही पांढरी वास्तू जगाने पाहिली. आज तेथे ८० हून अधिक खोल्या व दालने आहेत, आणि नावेखेरीज आत जाण्याचा मार्ग नाही.

तरीही ही कहाणी निव्वळ यशाची म्हणून सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. अनेकान्ताचा संस्कार असलेल्या वाचकाने दुसऱ्या बाजूही पाहाव्यात. पहिली म्हणजे, जी वास्तू पूर्वी राजाची होती ती आता धनिकांची झाली. घाटावरच्या श्राविकेला ती तेव्हाही दुरून दिसली असती, आताही दुरूनच दिसते. दुसरी म्हणजे, हॉटेलच्या मुदपाकखान्यात आणि मेजवान्यांत जे चालते, ते जैन आचाराला मानवणारे असेलच असे नाही. वास्तू राखण्यासाठी कोणत्या मार्गाचा पैसा घ्यावा आणि कोणता घेऊ नये, हा प्रश्न प्रत्येक घराण्याने स्वतःला विचारलाच पाहिजे.

तिसरी बाजू सर्वांत कठीण आहे. मेवाडचे महाराणा स्वतःला राज्याचे धनी मानत नसत. खरा राजा एकलिंगजी आणि महाराणा त्यांचे दिवाण, अशी त्या घराण्याची परंपरा आहे. आजच्या भाषेत दिवाण म्हणजे विश्वस्त. भगवतसिंहांनी १९६९ मध्ये धर्मादाय न्यास स्थापून राजवाड्याचा मोठा भाग लोकांसाठी संग्रहालय म्हणून खुला केला, तो याच भावनेने. पण न्यास, हॉटेलांच्या खासगी कंपन्या आणि कुटुंबाची वडिलोपार्जित मालमत्ता यांच्या सीमारेषा घरात सर्वांना सारख्या दिसल्या नाहीत. १९८३ मध्ये पिता-पुत्रांतील वाद न्यायालयात गेला. पुढच्याच वर्षी भगवतसिंह निवर्तले. वाटणीचा तो दावा चालत राहिला आणि जिल्हा न्यायालयाचा निकाल आला तो २०२० मध्ये. त्यानंतरही प्रकरण वरच्या न्यायालयात गेले. मूळ वादी-प्रतिवादींचे केस पांढरे झाले, नातवंडे मोठी झाली. कोण बरोबर आणि कोण चूक हे ठरवणे न्यायालयाचे काम. बाहेरच्याने एवढेच ध्यानात घ्यावे की भिंतींची ओल दूर करणे एकवेळ सोपे. नात्यांतील ओलावा टिकवणे अवघड. आणि जो कर्ता पुरुष मिळकतीचा उद्धार करतो, त्याने वाटपाचा कागदही सर्वांना विश्वासात घेऊन आपल्या हयातीतच स्पष्ट करून ठेवावा.

या कहाणीत आणखी एक भागीदार आहे, ज्याची सही कोणत्याही करारावर नाही. तो म्हणजे पिछोला. या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत पावसाने पाठ फिरवली, सरोवराचा तळ उघडा पडला, जेथे नावा चालत तेथे गुरे चरू लागली. पाण्यातील महाल कोरड्या मातीत उभा राहिला तेव्हा कळले की या मिळकतीचे खरे भांडवल संगमरवर नव्हे, पाणी आहे. ते पाणी सर्वांचे. घाटावरच्या धोब्याचे, नावाड्याचे, नळाला तोंड लावणाऱ्या शहराचेही. पुढे अरवलीच्या डोंगरातील पाणी देवास योजनेच्या बोगद्यातून आणून सरोवराला आधार देण्यात आला. सांडपाणी रोखण्यासाठी नागरिकांनी वर्षानुवर्षे आवाज उठवला. २०२५ च्या आरंभी रामसर कराराखाली इंदूरसह उदयपूरला पाणथळ शहराची मान्यता मिळाली. भारतातील ही पहिली दोन शहरे. एकट्या मालकाला आपली वास्तू राखता येते. ती ज्या पाण्यात उभी आहे ते राखायला गाव लागते.

प्रत्येक द्रव्यात उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य या तिन्ही गोष्टी एकाच वेळी असतात, हे जैन तत्त्वज्ञानाचे मूलभूत सांगणे आहे. जगनिवासात ते डोळ्यांनी दिसते. युवराजाचे क्रीडागृह संपले, हॉटेल जन्माला आले, आणि या दोहोंतून वास्तू राहिली. जे बदलण्यास तयार झाले, त्याचेच काही टिकले.

महाराष्ट्रातील अहिल्यानगर, जळगाव, पुणे येथील कितीतरी ओसवाल घराण्यांचे मूळ गाव मारवाडात किंवा मेवाडात आहे. तेथे एखादी हवेली असते. दारावर पणजोबांचे नाव कोरलेले, आत पारव्यांचा संसार, आणि कुलपाची किल्ली नेमकी कोणत्या भावाकडे हे कोणालाच ठाऊक नाही. सात-बारा हिस्सेदार, म्हणून विकता येत नाही. दुरुस्तीचा खर्च एकट्याने का करावा, म्हणून दुरुस्ती होत नाही. दिवाळीत विषय निघतो आणि फराळाबरोबर संपतो. अशी प्रत्येक हवेली हॉटेल होऊ शकत नाही आणि व्हावीही असे नाही. एखादी विहारात असलेल्या साधू-साध्वींच्या मुक्कामाला देता येईल, एखादीत गावाची वाचनशाळा किंवा दवाखाना बसेल, एखादीत यात्रेकरूंसाठी चार खोल्या आणि शुद्ध सात्त्विक भोजनाची सोय होईल. उत्पन्न थोडे येवो, पण दार रोज उघडेल आणि झाडू रोज फिरेल. ज्या मिळकतीला आपण स्वतः राहून न्याय देऊ शकत नाही, तिला कुलपात अडकवून ठेवणे हाही परिग्रहच आहे.

संध्याकाळी घाटावरून शेवटची नाव परतते तेव्हा जगनिवासाचे दिवे पाण्यात उतरलेले असतात. यात्रेकरू चौविहाराची वेळ टळू नये म्हणून घाईने धर्मशाळेकडे निघतात. त्यांच्यापैकी एखाद्याने त्या रात्री गावाकडच्या चुलत भावाला फोन लावून, पावसाळ्यापूर्वी गच्चीचा चुना बघून घे, खर्च निम्मा-निम्मा करू, एवढे जरी सांगितले, तरी पिछोल्याचा फेरा सार्थकी लागला म्हणावयाचा.